जसं सापडलं तसं

डिझेल क्रमांक तीन
मंगळवारी पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी उठलं नाही.
महिन्याची चाचणी. बटण दाबलं, हवा फुसकारली,
आणि मग नुसती खोली, नुसता तेलाचा वास.
बाहेर उणे तेवीस, समुद्र गोठून रस्ता झालेला.

दहा सेकंदांत उठायला हवं असतं ते.
सगळीकडची वीज गेली तर
अणुभट्टीला अंधारात पाणी पाजणारं यंत्र,
बहुधा आयुष्यभर कधी लागणार नाही,
लागलं तर दहा सेकंदांत.

ओक्को होता तिथे. वय चोवीस, हात डोक्याच्या पुढे.
त्यानं कपाट उघडलं, रिलेकडे पाहिलं,
आणि पेचकसाच्या मुठीनं
हळूच ठोकलं एकदा.

नऊ सेकंद. गडगडाट. दिवे हिरवे.
कुणीतरी टाळी वाजवली.
मीच असणार.

मग कागद आला.
त्यावर दोन रकाने असतात, शेजारी शेजारी:
जसं सापडलं तसं.
जसं सोडलं तसं.
दुसरा मी एका ओळीत भरला.
पहिल्यापाशी पेन थांबलं,
कारण जे सापडायचं होतं
ते बघायच्या आधीच आम्ही दुरुस्त केलं होतं.
दुरुस्त नव्हे. गप्प केलं होतं.

कॉन्टॅक्टवर काजळी होती, की स्प्रिंग थकली होती,
की कुणाच्या लोकरी टोपीचा एक धागा?
एकच साक्षीदार होता,
त्याला पाठीवर थाप मारून आम्ही घरी पाठवलं.

घड्याळ मात्र चालू झालं होतं. बहात्तर तास.
नियमाला टाळ्या ऐकू येत नाहीत.
धडधडत असलेलं इंजिन त्याच्या लेखी बंदच,
का बंद पडलं ते कळेपर्यंत.

"लिहायलाच हवं का, ऐला?" ओक्कोनं विचारलं.
झाकली असती तर सव्वा लाखाची ती मूठ,
पेचकसाची, पिवळ्या प्लास्टिकची,
अजून त्याच्या खिशातून डोकावत होती.

मी त्याला माझी गोष्ट सांगितली नाही.
एक्क्याण्णव सालचा हिवाळा, पंपाच्या खोलीतला दाबमापक,
काटा चिकटलेला. काचेवर नखानं टिचकी मारली,
सुटला. रकान्यात लिहिलं: ठीक.
काही झालं नाही.
तेहतीस वर्षं काही झालं नाही,
आणि ते काही न होणं
रात्री माझ्या उशाशी बसून असतं.

गुरुवारी नियामक कार्यालयातून
सिनिक्का लेप्पाकोस्की आल्या. जाड मोजे, स्वतःचा डबा.
ओरडल्या नाहीत. एवढंच विचारलं,
"हात लावलास तेव्हा किती वाजले होते?"
ओक्कोनं सांगितलं. कुठे ठोकलं तेही दाखवलं,
बोट ठेवून, या वेळी नकाशावर.

रिले पिशवीत गेला, सील, दोघांच्या सह्या.
मग उरलेल्या तीन खोल्यांतले त्याच जातीचे अकरा,
एकेक करून, न ठोकता:
आधी फोटो, मग माप, मग दुसऱ्या माणसाचं माप.
कॉफी निवली, पुन्हा केली, पुन्हा निवली.
सातव्याच्या कॉन्टॅक्टवर राखाडी साय,
निवत्या दुधावर धरते तशी.
पहिल्या खोलीतला होता तो,
परवाच्या चाचणीत बिनतक्रार उठलेल्या इंजिनाचा.

कुणी टाळी वाजवली नाही.
बाईंनी चष्मा पुसला,
ओक्कोला म्हणाल्या, "लिही."

तो लिहीत होता तेव्हा मी बाहेर पडले.
विजेच्या तारांखाली, बर्फाला भोक पाडून
एक म्हातारा गळ टाकून बसला होता,
पाठ आमच्याकडे. कधी वळून बघत नाही तो.

परत येऊन मी एक कोरा कागद मागितला.
तो पंप केव्हाच भंगारात गेला,
पण दाबमापकाचा क्रमांक पाठ आहे मला.
तारीख आठवत नाही, तसंच लिहिलं.
मग पहिला रकाना.
जसं सापडलं तसं:
अडकलेलं.